"त्याला झेपायचं नाही" हा गैरसमज सोडा

आमच्याकडे गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात घरोघरी ऐकू येतं, पोराला बौद्धिक अक्षमता असली की त्याला खेळायला पाठवू नका, झेपायचं नाही, आणि जाडी तर त्यांची जन्मजातच. दोन्ही चूक आहे हो! वजन बऱ्याचदा वाढतं ते दिवसभर ओटीवर बसवून हातात बिस्किटं, फरसाण दिल्यामुळे, काहींचं औषधांमुळे, डाउन सिंड्रोममध्ये (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असतं ती स्थिती) थायरॉईडमुळेसुद्धा, म्हणून ती टेस्ट कराच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाईडलाईन्स अपंग व्यक्तींनाही धरून आहेत, मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, तर १९६८ पासून चालू आहेत, तिथे हीच मुलं धावतात, पोहतात.

काळजी कुठे घ्यायची तर डाउन सिंड्रोममध्ये. साधारण निम्म्या बाळांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि काहींच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून कोलांट्या, डोक्यावर भार देणारी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बाकी ओहोटीला वाळू घट्ट असते तेव्हा किनाऱ्यावर सोबत चाला, रोज त्याच वेळी, आधी स्वतः करून दाखवा, सुरुवातीला दहा मिनिटंही चालतील.