नेटवर्क उपकरणांतील रोलबॅक
राउटर, स्विच किंवा फायरवॉल यांचे कॉन्फिगरेशन (सेटिंग्जचा संच) पूर्वी जतन केलेल्या एखाद्या आवृत्तीवर परत नेण्याच्या क्रियेस रोलबॅक म्हणतात. जुनिपर नेटवर्क्सच्या जुनोस या कार्यप्रणालीत ही सोय मुळातच गुंफलेली आहे. तेथे केलेला बदल चालू कॉन्फिगरेशनला हात न लावता आधी ‘कँडिडेट’ प्रतीत नोंदला जातो आणि ‘कमिट’ ही आज्ञा दिल्यावरच अमलात येतो. दर कमिटला नव्या आवृत्तीस ० क्रमांक मिळतो, आधीची १ वर सरकते, आणि अशा ० ते ४९ क्रमांकांच्या आवृत्त्या उपकरणातच साठवल्या जातात.

‘रोलबॅक १’ ही आज्ञा मागची आवृत्ती केवळ कँडिडेट प्रतीत आणते. कमिट केल्याशिवाय उपकरणातून जाणाऱ्या डेटाच्या रहदारीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. रोलबॅकनंतरचे कमिट हेही एक नवे कमिट असल्याने क्रमांक पुन्हा सरकतात आणि नुकतीच टाकून दिलेली सदोष आवृत्तीच आता १ क्रमांकावर येऊन बसते. म्हणून क्रमांकावर विसंबण्यापेक्षा कमिटची वेळ व करणाऱ्याचे नाव पाहणे, तसेच दोन आवृत्त्यांतील अधिक-उणे चिन्हांकित ओळी ताडून घेणे श्रेयस्कर. सिस्को या कंपनीच्या आयओएस एक्सआर या कार्यप्रणालीत प्रत्येक कमिटला न बदलणारा ओळखक्रमांक मिळतो, ही पद्धत अधिक निर्धोक म्हणावी लागेल.

सिस्कोच्या जुन्या आयओएस या कार्यप्रणालीत मात्र ‘रनिंग’ म्हणजे चालू कॉन्फिगरेशन रॅममध्ये आणि ‘स्टार्टअप’ म्हणजे सुरू होताना वाचले जाणारे कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) असते, आणि दुसरे पहिल्यावर कॉपी केले तर ते त्याची जागा न घेता त्यात मिसळते. परिणामी, नंतर घातलेली आणि जतन केलेल्या प्रतीत नसलेली अॅक्सेस लिस्ट (कोणती रहदारी जाऊ द्यायची याची यादी) तशीच शिल्लक राहते. पुढे आलेल्या ‘कॉन्फिगर रिप्लेस’ या आज्ञेने दोन्हींतील फरक काढून नको असलेल्या ओळी खरोखरच हटवण्याची सोय झाली.

दूरच्या उपकरणावर काम करताना खरी भीती असते ती संपर्कच तुटण्याची. ज्या इंटरफेसवरून (जोडणीच्या पोर्टवरून) अभियंता लॉगिन झाला आहे त्याच्याच आयपी पत्त्यात एक अंक चुकला, तर रोलबॅकची आज्ञा द्यायलाही वाट उरत नाही. यासाठी जुनोसमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे: ठरावीक मुदतीत, एरवी १० मिनिटांत, पुन्हा कमिट करून दुजोरा दिला नाही, तर उपकरण आपणहून मागच्या आवृत्तीवर जाते. नेटवर्क उपकरणांचे कॉन्फिगरेशन हाताळण्याच्या नेटकॉन्फ या प्रोटोकॉलच्या २०११ मधील आरएफसी ६२४१ या मानकातही ही क्षमता ऐच्छिक स्वरूपात असून तिची मूळ मुदत ६०० सेकंद आहे. जुन्या आयओएसवर अभियंते ‘रिलोड इन १०’ (१० मिनिटांनी रीस्टार्ट हो) ही आज्ञा लावून काम सुरू करतात. संपर्क तुटला तर उपकरण रीस्टार्ट होऊन स्टार्टअप प्रतीवर येते, मात्र तेवढा वेळ सारी रहदारी थांबते.

रोलबॅकने सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत येत नाही. शिवाय उपकरणच निकामी झाले तर त्यातील प्रतीही जातात. त्यामुळे रॅन्सिड किंवा ऑक्सिडाइज्ड यांसारख्या साधनांनी कॉन्फिगरेशनच्या प्रती एका वेगळ्या सर्व्हरवर घेतल्या जातात.