अमेरिकेचा नंबर टू: मोठं पद, इवलंसं काम

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडे पण चर्चा सुरू होते, उपराष्ट्राध्यक्ष कोण होणार, कमला हॅरिस काय किंवा आता जे. डी. व्हान्स काय, जणू अर्धं सरकार तेच चालवणार. पण अमेरिकेची घटना उघडून बघा. या माणसाला तिथे ठळक अशी दोनच कामं दिलीयेत. एक, सिनेटचं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचं, अध्यक्षपद, आणि तिथे पण मत द्यायचं नाही, फक्त दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली तरच द्यायचं. दुसरं, राष्ट्राध्यक्ष गेला, हटवला गेला किंवा त्याने राजीनामा दिला तर त्याच्या जागी यायचं. म्हणजे वाट बघायची. तिसरं एक कारकुनी काम आहे, निवडणुकीनंतर राज्यांकडून आलेल्या मतांचे लिफाफे सगळ्यांसमोर उघडायचे. झालं, संपली यादी.

असं का? कारण हे पद कुणाला हवं होतं म्हणून तयारच झालं नाही. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात सगळे घटना लिहायला बसले होते, महिनोन्‌महिने राष्ट्राध्यक्ष कसा निवडायचा यावरच घोळ चालला होता, आणि शेवटी सप्टेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे सह्या व्हायला दोन आठवडे राहिलेले असताना, अकरा जणांच्या कमिटीने इलेक्टर्सची, म्हणजे राज्यांनी नेमलेल्या मतदारांनी राष्ट्राध्यक्ष निवडायची, पद्धत मांडली त्यात हे पद एकदम अवतरलं. अडचण अशी होती की प्रत्येक राज्य आपल्याच माणसाला मत देणार. म्हणून प्रत्येक इलेक्टरला दोन मतं दिली आणि त्यातलं निदान एक तरी दुसऱ्या राज्यातल्या माणसाला द्यायचं अशी अट घातली. मग दुसरं मत लोक असंच कुणाला तरी देऊन वाया घालवतील ना, तर तसं होऊ नये म्हणून दुसऱ्या नंबरच्या माणसालाही काहीतरी पद. ह्यू विल्यमसन नावाच्या प्रतिनिधीने तर तिथल्या तिथे सांगून टाकलं की असा अधिकारी कुणाला नकोच होता, निवडणुकीची पद्धत चांगली आहे म्हणून त्याला आणलाय. आणि रॉजर शर्मनचं म्हणणं, सिनेटचं अध्यक्षपद दिलं नाही तर हा माणूस बिनकामाचा बसेल. मला तर हे लग्न ठरल्यावर करवल्याला काय मान द्यायचा यावर घरात बैठक बसते तसंच वाटतं.

गंमत म्हणजे या पदाला कडाडून विरोध करणारे एल्ब्रिज गेरी, ज्यांनी घटनेवर सहीच केली नाही, ते पुढे १८१३ मध्ये स्वतःच उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि पदावर असतानाच वारले.

पहिला मान जॉन ॲडम्स यांचा. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनना सगळ्याच्या सगळ्या ६९ इलेक्टर्सची मतं पडली, ॲडम्सना ३४. पगार राष्ट्राध्यक्षाला वर्षाला २५ हजार डॉलर, यांना ५ हजार. सिनेटमध्ये बसल्या बसल्या त्यांनी राष्ट्राध्यक्षाला काय म्हणून हाक मारायची, 'हिज हायनेस' वगैरे, यावर सिनेटर्सचं डोकं इतकं खाल्लं की त्यांच्या ढेरीवरून मागे 'हिज रोटंडिटी', म्हणजे गोलमटोल महाराज, असं नाव पडलं. बरोबरीची मतं फोडायला मात्र त्यांना भरपूर मिळाली, तब्बल २९ वेळा. तरी १७९३ मध्ये बायकोला, ॲबिगेलला, पत्र लिहून वैतागले की माणसाच्या बुद्धीने आजवर इतकं क्षुल्लक पद कधी शोधून काढलं नसेल.

मग पक्ष आले आणि ती दोन मतांची आयडिया पार गंडली. १७९६ ला ॲडम्स राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे एका घरात दोन चुली. १८०० ला त्याहून वाईट, जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली, बर मागे हटेनात, शेवटी हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, ३६ वेळा मतदान झालं तेव्हा कुठे जेफरसन निवडून आले. यावर उपाय म्हणून १८०४ ला बारावी घटनादुरुस्ती झाली आणि दोन्ही पदांची मतं वेगळी झाली. आता इथे खरी मेख आहे, कारण ज्या पद्धतीसाठी हे पद जन्माला घातलं ती पद्धतच गेली, पण पद राहिलं! आणि आता ते दुसऱ्या नंबरच्या लायक माणसाचं न राहता तिकिटावर समतोल साधण्यासाठी घेतलेल्या जोडीदाराचं झालं. त्याच वर्षी ११ जुलैला बर यांनी, पदावर असताना, न्यू जर्सीत द्वंद्वयुद्धात माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनना गोळी घातली, आणि नंतर परत येऊन सिनेटच्या खुर्चीत बसून सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायाधीशावरचा महाभियोग खटलाही चालवला.

दुसऱ्या कामाचा घोळ तर जास्तच इंटरेस्टिंग आहे. राष्ट्राध्यक्ष गेला तर 'ते' उपराष्ट्राध्यक्षाकडे जाईल असं घटनेत लिहिलेलं, पण 'ते' म्हणजे काय, पद की फक्त पदाचं काम? ४ एप्रिल १८४१ ला विल्यम हेन्री हॅरिसन शपथ घेतल्यापासून महिन्याभरातच वारले आणि हा प्रश्न पहिल्यांदा समोर आला. जॉन टायलर यांनी कुणाला विचारत न बसता दोन दिवसांनी वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात शपथ घेतली आणि जाहीर केलं, मी हंगामी वगैरे नाही, मी राष्ट्राध्यक्षच. 'हंगामी राष्ट्राध्यक्ष' असा पत्ता टाकून आलेली पत्रं ते न उघडता परत पाठवायचे म्हणे. विरोधक त्यांना 'हिज ॲक्सिडेन्सी' म्हणायचे, म्हणजे अपघाताने आलेले महाराज. पण टायलर रेटत राहिले आणि पुढे तीच प्रथा झाली, घटनेत ती लिहिली गेली थेट १९६७ ला.

इथे आपल्याशी तुलना करण्याचा मोह होतोच. आपला उपराष्ट्रपती राज्यसभेचा सभापती असतो आणि मतं सारखी पडली तरच मत देतो, हे अमेरिकेच्या वळणाचंच आहे. पण राष्ट्रपती गेले तर आपल्याकडे तो फक्त काम बघतो, सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक. फेब्रुवारी १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद गेल्यावर बी. डी. जत्तींनी जुलैपर्यंत तेच केलं. तिकडे मात्र उरलेली सगळी टर्म थेट त्याची. आणि त्याची स्वतःची जागा? ती रिकामीच, कारण भरायची सोयच घटनेत नव्हती, १९६७ पर्यंत ती १६ वेळा रिकामी राहिली आणि कुणाचं फारसं अडलंही नाही, यातच काय ते समजा.

एवढं सगळं अंगावर येऊ शकतं त्या माणसाला मुळात काही सांगितलं तरी जायचं का? १२ एप्रिल १९४५ चं बघा. हॅरी ट्रुमन उपराष्ट्राध्यक्ष होऊन ८२ दिवस झालेले, संध्याकाळी सिनेटचं काम आटपून स्पीकर सॅम रेबर्न यांच्या खोलीत पेगसाठी टेकले, तेवढ्यात निरोप, व्हाइट हाऊसला फोन करा. तिथे पोचल्यावर राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांनी सांगितलं, हॅरी, राष्ट्राध्यक्ष गेले. यांनी विचारलं, मी तुमच्यासाठी काय करू? त्या म्हणाल्या, आम्ही तुमच्यासाठी काय करू ते सांगा, संकटात आता तुम्ही आहात. आणि खरंच, अणुबॉम्ब बनतोय हे ट्रुमनना नीट कळलं २५ एप्रिलला! महायुद्ध चालू आहे, राष्ट्राध्यक्षाची तब्येत तोळामासा, आणि नंबर टू अंधारात.

१९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि परत उपराष्ट्राध्यक्षाची जागा रिकामी राहिली तेव्हा कुठे ती भरायची सोय करणारी पंचविसावी दुरुस्ती आली, १९६७ ला. तिचा उपयोग लगेचच झाला, १९७३ ला उपराष्ट्राध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू राजीनामा देऊन गेले, राष्ट्राध्यक्ष निक्सननी जेराल्ड फोर्डना आणलं, पुढच्याच वर्षी निक्सन गेले, आणि दोन्हीपैकी एकाही पदासाठी देशाचं मत न मिळालेला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. याच दुरुस्तीत थोड्या वेळापुरता कारभार सोपवायचीही सोय आहे, तिच्याखाली नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडन यांना तपासणीसाठी भूल दिली तेव्हा कमला हॅरिस ८५ मिनिटं कार्यकारी राष्ट्राध्यक्ष होत्या.

आज जो वजनदार उपराष्ट्राध्यक्ष दिसतो तो घटनेतून आलेलाच नाही. १९७७ ला राष्ट्राध्यक्ष कार्टरनी आपले उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेलना व्हाइट हाऊसच्या वेस्ट विंगमध्ये ऑफिस दिलं, दर आठवड्याला सोबत जेवण सुरू केलं, तिथून हा प्रकार वाढला. सरकारी घरात राहायला जाणारेही मॉन्डेल पहिलेच, त्याआधी सगळे आपापली सोय बघायचे. हे सगळं राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर. तो काम काढून घेऊ शकतो, पण गंमत बघा, नोकरीवरून काढू शकत नाही, कारण हाही निवडूनच आलाय. सिनेटवाले तरी आपला मानतात का? लिंडन जॉन्सन सहा वर्षं तिथले बहुमताचे नेते होते, उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर जानेवारी १९६१ मध्ये आपल्याच पक्षाच्या सिनेटर्सच्या बैठकीचं अध्यक्षपद घ्यायला गेले तर जुनेच सहकारी उखडले, तुम्ही आता आमच्यातले नाही म्हणून. ना घर का ना घाट का.

राहिलं ते लिफाफ्यांचं काम. दोनशे वर्षं त्याकडे कुणी फारसं लक्षही देत नव्हतं. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांचा आग्रह होता की माइक पेन्सनी काही राज्यांची मतं बाजूला ठेवावीत, पेन्स म्हणाले मला तो अधिकारच नाही, आणि बाहेरचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुसला. २०२२ मध्ये कायदा करून लिहून टाकलं की उपराष्ट्राध्यक्षाचं हे काम निव्वळ औपचारिक आहे, मत ग्राह्य की अग्राह्य हे त्याने ठरवायचं नाही. ६ जानेवारी २०२५ ला बाहेर बर्फ पडत होता, आणि खुर्चीत कमला हॅरिस होत्या, सिनेटमध्ये ३३ वेळा बरोबरी फोडून विक्रम केलेल्या. त्यांनी आकडे वाचले, ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. अर्ध्या तासाच्या आसपास सगळं आटोपलं.