कृत्रिम ढोल्या: जर्मनीतल्या लागवडीपासून ठाण्याच्या येऊर टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत

झाडावर पेटी टांगून पक्ष्यांना घर देण्यामागे सुरुवातीला भूतदया नव्हती. नेदरलँड्सच्या परिसरात काही शतकांपूर्वी भिंतींवर मातीची मडकी लावत, ती स्टार्लिंग पक्ष्याची पिल्ले काढून खाण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये निसर्गअभ्यासक चार्ल्स वॉटरटन यांनी आपल्या वॉल्टन हॉल या वाड्याच्या आवारात घुबडांसाठी घरटी बांधली, तेव्हा हेतू पालटला.

जंगलात पेटी आली ती वेगळ्याच गरजेतून. जर्मनीत एकाच जातीच्या, एकाच वयाच्या झाडांची लागवड झाली आणि पोकळ, वठलेली झाडे ‘निरुपयोगी’ म्हणून काढली गेली. ढोली गेली, तिच्याबरोबर अळ्या टिपणारी रामगंगाही (ग्रेट टिट हा छोटा पक्षी) गेली. जर्मन पक्षीसंरक्षक हान्स फॉन बेर्लेप्श यांनी सुतार पक्ष्याचे बीळ मोजून तसाच पोकळ ओंडका कोरून घेतला. त्यांच्या झेबाख इथल्या केंद्राला १९०८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे पेटी ही हरवलेल्या म्हाताऱ्या झाडाची बदली होती, आणि हिशेब कीडनियंत्रणाचा होता. पुढे १९४७ पासून ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात अशा पेट्यांमुळे रामगंगेच्या पिढ्यान् पिढ्या मोजता आल्या.

ठाणे-नवी मुंबईतल्या गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभळीच्या पट्ट्यांची गत तीच: झाडे आहेत, ढोल्या नाहीत. पण परदेशी पेटीची नक्कल इथे पहिल्या पावसाळ्यात फसते. प्लायवूडचे थर सुटतात, पत्र्याची पेटी एप्रिल-मेमध्ये भट्टी होते. सुमारे २ सेंमी जाडीची जुनी सागवानी फळी बरी. आतून रंधा मारू नये, पिल्लांना चढायला खडबडीतपणा लागतो. तळाला पाणी निचरायला चार बारीक भोके, छप्पर पुढे झुकलेले, तोंड नैर्ऋत्येकडे नको. बाहेर बसायला दांडी लावू नका. तिचा उपयोग कावळ्यालाच.

भोकाचे माप सगळ्यात महत्त्वाचे. चिमणी किंवा रामगंगेला सुमारे ३ सेंमी, पिंगळ्याला ७ ते ८. दयाळला ५ सेंमी लागते आणि घोळ इथेच होतो, कारण तेवढ्यात साळुंकीही शिरते आणि दयाळला हुसकावते. पेटी बांधायची तार खोडाभोवती घट्ट आवळली तर झाड जाड होताना ती सालीत रुतते, म्हणून मध्ये रबरी नळी घालून दरवर्षी सैल करावी. साफसफाई ऑक्टोबरनंतर, आणि आधी टकटक करून. आत गांधीलमाश्या असू शकतात.

तांबटाला मात्र पेटीचे आकर्षण नाही. तो मऊ, वठलेल्या फांदीत स्वतः बीळ कोरतो आणि त्याची सोडलेली बिळे पुढे दयाळसारख्यांच्या कामी येतात. पावसाळ्याआधीच्या छाटणीत नेमक्या त्याच फांद्या पहिल्यांदा उतरतात, तीही ऐन विणीच्या हंगामात. रस्त्यावर लोंबणारी फांदी काढावीच लागते. टेकडीच्या उतारावर, जिथे खाली ना वाट ना वस्ती, तिथे शेवग्याची किंवा पांगाऱ्याची वठलेली फांदी राहू दिली तर पेटीचा खर्चही वाचतो.