गर्भारपणातील स्क्रब टायफस

स्क्रब टायफस हा 'ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी' या जीवाणूमुळे येणारा ताप. झुडपांत, गवतात असणाऱ्या माइट या कोळ्याच्या कुळातल्या सूक्ष्म किड्याची अळी चावली की जंतू अंगात शिरतो आणि साधारण ६ ते २१ दिवसांत लक्षणे दिसू लागतात. गर्भवतीला हा ताप आल्यास गर्भपात, बाळ पोटातच दगावणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो. क्वचित जंतू वारेतून बाळापर्यंतही पोहोचतो.

खरी मेख निदानात आहे. डोकेदुखी, घटलेल्या प्लेटलेट, यकृताच्या तपासणीत बिघाड हे सारे डेंग्यूतही दिसते आणि गर्भारपणातील रक्तदाबाच्या गुंतागुंतीतही. मात्र त्या गुंतागुंतीत सहसा ताप नसतो. चावल्या जागी काळी खपली सापडली तर संशय बळावतो. ती सहसा दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्ण तिच्याबद्दल बोलत नाही. शिवाय पोट वाढलेल्या बाईला स्वतःची जांघ दिसतेच कुठे! काख, जांघ, स्तनांखालचा भाग डॉक्टरांनीच पाहायला हवा. खपली सगळ्यांनाच येत नाही. रक्तातील आयजीएम चाचणी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधणारी) पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अहवालासाठी उपचार अडवून ठेवू नयेत.

गर्भवतीसाठी पहिली पसंती ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला. सर्वसाधारण मात्रा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ५ दिवस. आजार गंभीर असेल तर रुग्णालयात शिरेतून. हृदयाच्या लयीचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. एरवी या तापावर डॉक्सिसायक्लिन देतात, पण बाळाच्या दात-हाडांच्या काळजीपोटी गर्भारपणात ते टाळले जाते. ही भीती मुख्यतः त्याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लिनच्या अनुभवातून आली आहे. डॉक्सिसायक्लिनबाबतचा पुरावा तितका भयावह नाही. त्यामुळे आईच्या जिवावर बेतले असता तज्ज्ञ त्याचाही विचार करतात. क्लोरॅम्फेनिकॉल प्रसूतीच्या सुमारास दिल्यास नवजाताला घातक ठरू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिनचा भरवसा नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे गर्भारपणात निर्धोक म्हणून सर्रास दिली जातात, पण पेशींच्या आत वाढणाऱ्या या जंतूपुढे ती निरुपयोगी आहेत. त्यांच्या भरवशावर गेलेले दिवसच महागात पडतात.

योग्य औषधाने ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. न उतरल्यास निदान पुन्हा तपासावे. धाप, गुंगी, लघवी कमी होणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. प्रसूतीच्या तोंडावर आजार झाला असेल, तर नवजातालाही ताप, यकृत किंवा प्लीहा वाढणे यांसाठी तपासत राहतात.