व्हिडिओ प्लेबॅक दोष : लिनक्स ब्राउझर

लिनक्सवरच्या ब्राउझरमध्ये ऑनलाइन व्हिडिओ सुरूच न होणे, मध्येच अडकणे, आवाज येऊन चित्र न दिसणे किंवा ‘हा फॉरमॅट चालत नाही’ असा संदेश येणे, या सर्वांना मिळून प्लेबॅक दोष म्हणतात. ग्रामीण विदर्भात हा त्रास मुख्यतः जिल्हा परिषद शाळांतले जुने संगणक, सेवा केंद्रे आणि विद्यार्थ्यांचे सेकंडहँड लॅपटॉप यांवर होतो. विंडोज रखडते म्हणून त्यांवर उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स टाकलेले असते आणि नेट बहुधा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेतलेले असते. मेळघाटात किंवा भामरागडकडे रेंज मुळातच विरळ, त्यामुळे व्हिडिओ थांबला की ‘नेट गेलं’ असे म्हणून विषय संपवला जातो. पण दोष पुष्कळदा यंत्रातच असतो.

दोष कुठे आहे?

व्हिडिओ सलग येत नाही. काही सेकंदांचे तुकडे उतरतात, ब्राउझर ते बफरमध्ये साठवतो, कोडेकने (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतीने) उलगडतो आणि मग पडद्यावर दाखवतो. ब्राउझरच्या मानकात या साखळीतील बिघाडांना चार क्रमांक दिले आहेत : १ म्हणजे वापरणाऱ्याने किंवा पानाने रद्द केले, २ म्हणजे नेटवर्क तुटले, ३ म्हणजे उलगडताना चूक झाली, ४ म्हणजे स्रोत चालवता येत नाही. बऱ्याच प्लेअरमध्ये हा क्रमांक पडद्यावर किंवा एफ१२ दाबल्यावर कन्सोलमध्ये दिसतो. यातला ४ फसवा आहे. कोडेक नसला तरी ४ येतो आणि सर्व्हरने फाइल नाकारली तरीही ४ च येतो. एफ१२ च्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलसमोर ४०३ (सर्व्हरने नाकारले) किंवा ४०४ (फाइल सापडली नाही) दिसले तर कोडेकच्या मागे लागू नये.

यूट्यूबवर व्हिडिओवर उजवे क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडणे ही सर्वांत खात्रीची तपासणी. ‘बफर हेल्थ’चा आकडा शून्याजवळ घुटमळत असेल तर नेट कमी पडते आहे. बफरमध्ये वीस-तीस सेकंदांचा साठा असूनही ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ (गाळलेली चित्रे) वाढत असतील तर यंत्र दमते आहे. अशा वेळी रेंजसाठी मोबाइल घेऊन गच्चीवर जाण्यात अर्थ नाही. यूट्यूबच्या शिफारशीनुसार ३६०पी साठी ०.७, ४८०पी साठी १.१ आणि ७२०पी साठी २.५ एमबीपीएस इतका सलग वेग लागतो. दिवसाचा डेटा संपल्यावर पुष्कळ प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात कुठलाच व्हिडिओ धड चालत नाही.

हा डेटा अनेकदा लिनक्सच खाऊन टाकतो. अपडेट आणि स्नॅप पॅकेजे (उबुंटूची स्वतःहून अद्ययावत होणारी सॉफ्टवेअरे) मागच्या मागे उतरत राहतात. नेटवर्क सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचे कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेले) करावे आणि स्नॅपची ‘रिफ्रेश.मीटर्ड’ ही सेटिंग ‘होल्ड’वर ठेवावी. वाय-फायऐवजी यूएसबी केबलने टेदरिंग केल्यास जोडणी स्थिर राहते, मोबाइल चार्जही होतो.

कोडेक आणि जुने प्रोसेसर

यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये व्हिडिओ पाठवते. त्यात डेटा कमी लागतो, पण उलगडण्याचे काम जड असते. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ ची पूर्ण हार्डवेअर सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून आहे. शाळांत दिसणारे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय३ फक्त एच.२६४ सारखे जुने प्रकार हार्डवेअरवर उलगडतात. बाकीचा भार प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्सच्या ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये ‘मीडिया.एव्ही१.इनेबल्ड’ बंद केले की एव्ही१ टळतो. व्हीपी९ ही टाळायचा असेल तर ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेन्शन टाकावे. डेटा थोडा जास्त जातो, पण चित्र अडखळत नाही.

एच.२६४ साठी लिनक्सवरचा फायरफॉक्स एफएफएमपेग या कोडेकच्या संचावर अवलंबून असतो. उबुंटूवर ‘उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज’ टाकतात. फेडोरा या लिनक्समध्ये पेटंटमुळे मुद्दाम छाटलेली ‘एफएफएमपेग-फ्री’ आवृत्ती येते. ती आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-भांडारातल्या पूर्ण आवृत्तीने बदलावी लागते. फायरफॉक्स स्नॅप स्वरूपात असेल तर तो बंदिस्त असतो, बाहेर टाकलेल्या पॅकेजचा त्याला उपयोग होत नाही.

हार्डवेअरची मदत मिळते का, हे ‘व्हीएइन्फो’ या कमांडने कळते. यादी रिकामी आली किंवा त्रुटी दिसली तर पाचव्या पिढीपासून पुढे इंटेल मीडिया ड्रायव्हर आणि त्याआधीच्या चिपला ‘आय९६५’ ड्रायव्हर टाकावा. इंटेलसाठी ही सोय फायरफॉक्सने ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप सुरू ठेवली आहे.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यात पंख्यात धूळ साचलेली. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून सकाळी नीट चाललेला व्हिडिओ दुपारी अडखळतो. ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान पाहावे आणि कुठलीही सेटिंग बदलण्याआधी पंखा साफ करावा.

डीआरएम

यूट्यूबचे नेहमीचे व्हिडिओ चालतात पण पैसे भरून घेतलेल्या सेवेवर काळा पडदा येतो, असे झाले तर वाइडवाइन, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा (डीआरएमचा) घटक, तपासावा. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’वर खूण करावी आणि घटक उतरेपर्यंत थांबावे. गूगल क्रोममध्ये तो सोबतच येतो. डेबियनच्या क्रोमियममध्ये नसतो. शाळेच्या लॅबमध्ये होम फोल्डर ‘नोएक्झेक’ (तिथून प्रोग्रॅम चालवण्यास मनाई) ठेवले असेल तर प्रोफाइलमध्ये उतरलेला हा घटक चालूच शकत नाही. लिनक्सवर वाइडवाइन सॉफ्टवेअरच्या एल३ या सर्वांत खालच्या सुरक्षा पातळीवर चालते, म्हणून काही सेवा एचडी देत नाहीत. तो बिघाड नव्हे, आणि त्यावर उपायही नाही.

घड्याळ आणि आवाज

ही दोन कारणे कुणाच्या लवकर लक्षात येत नाहीत. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर लाईट गेल्यावर किंवा संध्याकाळी विजेच्या बोर्डवरचे बटण बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळांची ओळख पटवणारी सर्टिफिकेट अवैध ठरतात आणि पान उघडले तरी दुसऱ्या सर्व्हरवरचा व्हिडिओ थांबू शकतो. ‘टाइमडेटसीटीएल’ने तारीख पाहावी, नेटवरून वेळ जुळवणारे ‘सेट-एनटीपी’ चालू करावे आणि ३ व्होल्टची नवी बॅटरी बसवावी. शेजारी विंडोजही असेल तर घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे दिसते, कारण विंडोज हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ लिहिते आणि लिनक्स ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते.

आवाजाची सेवा बंद पडली तर यूट्यूबचे चित्रही थांबते, कारण प्लेअर चित्राची गती आवाजावरून ठरवतो. गोल फिरत राहते आणि पुन्हा नेटला दोष जातो. व्हिडिओ म्यूट केल्यावर चालू लागला तर आवाजाच्या सेवा, म्हणजे पाइपवायर आणि वायरप्लंबर, किंवा जुन्या प्रणालीत पल्सऑडिओ, पुन्हा सुरू करावे.

३२-बिट प्रणाली

क्रोमने ३२-बिट लिनक्स मार्च २०१६ मध्ये सोडले आणि फायरफॉक्सची १४४ ही त्यासाठीची शेवटची आवृत्ती ठरली. अशा यंत्रावर ‘एलएससीपीयू’ चालवावे. ‘ऑप-मोड’च्या ओळीत ६४-बिट लिहिलेले असेल तर प्रोसेसर सक्षम आहे, फक्त प्रणाली चुकीची टाकली आहे; फाइलींची प्रत काढून ६४-बिट मिंट एक्सएफसीई टाकावे. तसे नसेल तर व्हिडिओ दुसरीकडे उतरवून पेन ड्राइव्हवरून व्हीएलसीमध्ये, ३६०पी एच.२६४ मध्ये दाखवणे एवढाच मार्ग उरतो.