बर्फातलं विमान पेट्रोल भरताच उडालं?

‘दुसऱ्या महायुद्धातलं विमान ५० वर्षं बर्फाखाली होतं, काढलं, इंधन भरलं, उडालं!’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण त्यामागची घटना खरी आहे.

१५ जुलै १९४२ रोजी अमेरिकेची सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमानं खराब हवामानामुळे ग्रीनलँडच्या बर्फावर उतरली. वैमानिक वाचले, विमानं तिथेच राहिली. दरवर्षीचा बर्फ साचत गेला आणि १९९२ मध्ये एक पी-३८ बाहेर काढलं, तेव्हा ते सुमारे ८२ मीटर खोल होतं.

आता साधा हिशोब करून बघा. साचलेल्या बर्फाची घनता पाण्याच्या निम्मी धरली, तरी ८० मीटरखाली दर चौरस मीटरवर ४० टन भार येतो. थंडीनं गंज रोखला असेल, पण हा दाब कसा रोखणार? तिथलं एक बी-१७ पार चिरडलेलं होतं. पी-३८ त्यापेक्षा सुस्थितीत होतं, पण तेही वाकलेलं, चेपलेलं. बर्फ वितळवून विहिरीसारखा अरुंद मार्ग केला आणि त्यातून सुटे भाग एकेक करून वर ओढले. हे वाचताना मला आजही त्या माणसांच्या चिकाटीचं अप्रूप वाटतं.

पडताळायचं असेल तर दोन तारखा शोधा: बाहेर काढल्याची आणि पुन्हा उडाल्याची. इथे ते उडालं ऑक्टोबर २००२ मध्ये. मधली दहा वर्षं दुरुस्तीची. फॉरवर्डमध्ये नेमकी तीच गाळलेली असतात.