मागच्या वेळी किती वेळ लागला होता?

इंदूरमध्ये कोणी 'बस, पाँच मिनट भिया' म्हटलं की तो अजून घरात गाडीची किल्ली शोधतोय असं समजायचं. राजवाड्यासमोर मित्राची वाट बघत उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मी तर हे वाक्य ऐकलं की निवांत पोहे-जिलबी मागवतो. गंमत म्हणजे बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच पाच मिनिटं वाटत असतात.

मीही त्याच पंथातला. मागच्या दिवाळीत लोकमान्य नगरात आत्याकडे चकल्यांना हात लावायला गेलो. म्हटलं, "दोन किलोच भाजणी ना? जेवायच्या आत आटोपू." आत्या काही बोलली नाही. तिच्याकडे नव्या कालनिर्णयच्या मागे त्याच खिळ्याला जुनीही लटकत असतात. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कोणाच्या लग्नात किती आहेर केला, सगळं त्यांत. तिनं आदल्या वर्षीचं काढून दिवाळीआधीच्या रविवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'चकली. ९ ते ६.'

"आणि तेव्हा तू नव्हतास," ती म्हणाली.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या खोडीला नाव दिलं. मराठीत त्याला नियोजनाचा भ्रम म्हणू. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आपण जवळजवळ नेहमीच कमी धरतो, आणि तशीच कामं पूर्वी रखडल्याचं माहीत असूनही धरतो. १९९४ मध्ये रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. लागले साधारण ५५. पण मला खरी मजा वाटते ती पुढच्या आकड्याची. 'सगळंच बिनसलं तर किती दिवस लागतील?' असंही त्यांना विचारलं होतं. त्याचं सरासरी उत्तर होतं ४९ च्या आसपास. म्हणजे डोळ्यांसमोर आणलेलं सगळ्यात वाईट चित्रसुद्धा प्रत्यक्षापेक्षा बरंच होतं!

असं होतं, कारण अंदाज बांधताना आपण मनात काम करून बघतो. माझ्या मनातल्या चकल्यांत पीठ तयार होतं, तेल तापलेलं होतं, सोऱ्या धुऊन ठेवलेला होता. प्रत्यक्षात भाजणी दळायचीच राहिली होती आणि कोपऱ्यावरच्या चक्कीत डब्यांची रांग दारापर्यंत आली होती. दळून आणली तर पहिल्या घाण्याला चकली तेलात विरघळली, कारण मोहन जास्त झालं होतं. मग पुन्हा कोरडं पीठ मिसळून मळा. सोऱ्याची चकती सापडेना, ती शेवेच्या डब्यात निघाली. यातलं एकही विघ्न आधी सांगता आलं नसतं. पण कुठलं तरी येणार, हे मात्र नक्की सांगता आलं असतं.

अनारशांच्या बाबतीत मात्र अशी फजिती कोणाची होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजले पाहिजेत म्हणजे पाहिजेत, तिथे कल्पनेला वावच नाही. भ्रम होतो तो आपल्या हातच्या कामांत.

मग अनुभवानं शहाणपण का येत नाही? कारण मागच्या प्रत्येक उशिराला आपल्याकडे एक खास कारण तयार असतं. तेव्हा लाइट गेली होती, तेव्हा पाहुणे आले होते, तेव्हा माझं डोकं दुखत होतं. प्रत्येक वेळ अपवाद ठरते आणि अपवादांची बेरीज कोणी करत नाही. ब्युलर मंडळींनी हेही तपासलं. काहींना मागची कामं नुसती आठवायला सांगितली. त्यांचे अंदाज तसेच आशावादी राहिले. काहींना त्या आठवणी हातातल्या कामाशी जोडून, आता काय होऊ शकतं ते लिहायला लावलं. त्यांचे अंदाज वास्तवाशी जुळले. नुसती आठवण पुरत नाही, ती आजच्या कामाच्या पंक्तीत आणून बसवावी लागते.

खुद्द कानमनही यातून सुटले नव्हते. सत्तरच्या दशकात इस्रायलमध्ये ते शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होते. साऱ्या चमूनं कागदावर अंदाज लिहिले: दीड ते अडीच वर्षं. मग त्यांनी चमूतल्या अभ्यासक्रम-तज्ज्ञाला विचारलं, असं काम हाती घेतलेल्या इतरांना किती वेळ लागला? तो चाचरत म्हणाला, सुमारे ४० टक्के चमूंचं काम पुरंच झालं नाही. ज्यांचं झालं त्यांना ७ ते १० वर्षं लागली. हे माहीत असलेल्या त्या गृहस्थानंही दोन मिनिटांपूर्वी इतरांसारखाच अंदाज लिहिला होता! ऐकून सगळे पुन्हा कामाला लागले. पुस्तकाला ८ वर्षं लागली.

मोठ्या प्रकल्पांत आता हा प्रश्न नियमानं विचारायचा प्रयत्न होतो. ब्रिटनच्या वाहतूक खात्यानं २००४ मध्ये रस्ते-रेल्वेच्या खर्चाचे अंदाज तशाच जुन्या प्रकल्पांच्या अनुभवावरून वाढवून धरण्याची पद्धत आणली.

घरी एवढा खटाटोप नको. मी डायरीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले: आधी वाटलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला. पहिला रकाना कामाला हात लावण्याआधी भरायचा, नाहीतर 'मला वाटलंच होतं' म्हणायला आपण मोकळे. दोनेक महिन्यांत कळलं की लिखाणाच्या कामात मी दुपटीनं चुकतो, बाजारहाटात फारसा नाही. राजेंद्र नगरहून राजवाडा मी दर वेळी 'वीस मिनिटं' लिहितो आणि पस्तीसच्या आत एकदाही पोचलेलो नाही. सगळ्याच कामांना सरसकट दीडपट करण्यापेक्षा आपण नेमके कुठे घसरतो हे कळणं जास्त कामाचं. पायऱ्या लिहून काढल्या तरी फरक पडतो. जस्टिन क्रूगर आणि मॅट एव्हान्स यांच्या २००४ च्या प्रयोगांत कामाचे तुकडे मांडायला लावले की लोकांचे अंदाज वाढले. त्या कामांत खाण्याचे पदार्थ तयार करणंही होतं. आणि शंका आली तर दुसऱ्याला विचारावं. दुसऱ्याच्या कामाबद्दल माणूस फारसा आशावादी नसतो, उलट थोडा जास्तच वेळ धरतो.

परवा आत्याकडे गेलो तेव्हा ते कालनिर्णय उलटून पाहिलं. माझ्या वर्षीच्या चौकोनात लिहिलं होतं: 'चकली. ९ ते ८. भाचा मदतीला.'